साडीआडचे चार हात

कोल्हापूरच्या रांगेत ताटकळून तुम्ही अंबाबाई कितीदा पाहिलीत. म्हणजे शालू पाहिलात, किरीट पाहिला, हारांच्या सरी पाहिल्यात. तिचे हात मात्र पाहिले नाहीत. ते सगळ्याच्या आड असतात. ते पाहायला मागं जावं लागेल.

सोमवार, 26 सप्टेंबर 1715. विजयादशमी. रांग नाही, कठडे नाहीत. समोरचा गरुड मंडपही नाही; तो बांधायला अजून शंभरावर वर्षं आहेत. पायांखाली तोच काळा दगड, अनवाणी तळव्यांना गार लागणारा. माणसं महाद्वाराकडं माना वळवून उभी आहेत. शेजारची म्हातारी तुमचा दंड घट्ट धरते. तिनं देऊळ जन्मभर पाहिलंय, देवी नाही.

मूर्तिभंजनाच्या धास्तीनं पुजाऱ्यांनी मूर्ती घरात दडवून ठेवली होती. नरहर भट सावगावकरांना दृष्टांत झाला, तो त्यांनी पन्हाळ्यावर दुसऱ्या संभाजी महाराजांच्या कानी घातला आणि महाराजांनी कापशीच्या सिदोजी हिंदुराव घोरपड्यांना पाठवलं. आज ती परत येते आहे. दडवताना काय काय झालं असेल, याचा विचार केला की माझा गळा दाटतो. घरात कुणीतरी रोज तिच्या अंगावरून हात फिरवला असेल, बाहेर घोड्यांच्या टापा वाजल्या की दिवा मालवला असेल. जेमतेम तीन फुटांची मूर्ती, वजन चाळीस किलोंच्या आसपास. माणसांना उचलून नेता येईल एवढीच.

‘अंबाबाईचा उदो उदो!’ गर्दी फाटते. म्हातारीच्या मागं मागं तुम्ही गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पोचता. अभिषेकाचं पाणी दगडावरून ओघळतंय, अजून वस्त्र चढलेलं नाही. आता बघा.

उजव्या खालच्या हातात महाळुंग. लिंबाच्या जातीचं, जाड सालीचं, बियांनी भरलेलं फळ. माझ्या मते सगळी मूर्ती या फळापासून वाचावी: एका मुठीत मावणारी अख्खी सृष्टी. उजव्या वरच्या हातात गदा, पण उगारलेली नाही, तिचं डोकं जमिनीला टेकलंय. डाव्या वरच्या हातात ढाल, खालच्यात पानपात्र. मागं सिंह. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं वर्णन आहे ते हेच. चार वस्तू त्याच, मस्तकावरची तीन चिन्हंही तीच.

लक्ष्मीचं कमळ शोधू नका, ते नाही. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो आणि बाहेरगावचे लोक तिला विष्णुपत्नी समजून हात जोडतात. त्यांच्या भक्तीला मी नावं ठेवणार नाही. पण ही मूर्ती नवऱ्याची ओळख सांगत नाही. डोक्यावर शिवशक्तीची खूण घेऊन ती स्वतःच्या पायांवर उभी आहे. कोल्हापूरचा माणूस तिला ‘आई’ म्हणतो; हे हात न पाहताही त्याला ते ठाऊक असतं.

पुजारी साडी उलगडतात. महाळुंग झाकलं जातं, मग ढाल, मग गदेचा दांडा. म्हातारीनं तुमचा दंड सोडलाय. तिचे दोन्ही हात ओटी भरायला लागले आहेत. तांदळाचे दाणे उंबऱ्यावर सांडतात, तुम्ही ते वेचून तिच्या ओंजळीत टाकता.

बाहेर आपट्याची पानं वाटली जातायत. देवीचं तोंड पश्चिमेला. ऊन कलतं तसं ते महाद्वारातून आत येतं, पण गाभाऱ्यापर्यंत पोचत नाही. सूर्य अजून पुरेसा दक्षिणेला सरकलेला नाही. महिन्याभरानं सरकेल; मग तीन दिवस मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतील. इतकी वर्षं ती किरणं देवीवाचून सुन्या गाभाऱ्यात येऊन विझत होती. या खेपेला पहिल्या दिवशी त्यांना पाय सापडतील, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख.