कुंपणाची धाव

आमची भाची विलायतेत सॉमरसेट परगण्यात राहते. तिकडे पावसाला आणि विलोच्या झाडांना तोटा नाही, आणि हे दोन्ही आमच्या पडेगावात नाहीत. तरीही मागच्या उन्हाळ्यात तिनं तिच्या बागेच्या कुंपणाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, पडेगावच्या घराला असंच करून घ्या. नॅचरल दिसतं, आणि प्रायव्हसी पण मिळते." फोटोतलं कुंपण खरोखर देखणं होतं. विलोच्या लवचीक छड्या खुंट्यांमधून आत-बाहेर घालत टोपलीसारख्या विणलेल्या. शिवाय यातल्या ओल्या छड्या जमिनीत खोचल्या, तर त्या मुळं धरतात आणि वसंतात कुंपणालाच पालवी फुटते म्हणे. आमच्याकडे कुंपणाला फक्त वाळवी फुटते.

विलो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बॅट येते. गावस्करनं ज्या लाकडानं दहा हजार धावा काढल्या, त्या कुळातल्या झाडाचं कुंपण करायचं म्हणजे सागवानी पलंग फोडून चूल पेटवण्यासारखं मला वाटलं. पण चौकशीअंती कळलं, की विलोला आपल्या मराठीतही घरचं नाव आहे. वाळुंज! आता पडेगावातल्या माणसाला 'वाळुंज' म्हटलं की कारखाने, भोंगे आणि शिफ्टच्या बसगाड्या आठवतात. पण ते वाळूज वेगळं. हे वाळुंज नदीकाठी, पाय पाण्यात सोडून उभं राहणारं झाड. ज्या वस्तीत नळाला पाणी येण्याचा दिवस कॅलेंडरवर सणासारखा लिहून ठेवतात, तिथं या झाडानं पाय कुठं सोडावेत?

राहता राहिली प्रायव्हसी. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्यात मी एक अख्खी दुपार घालवली. 'खाजगीपणा' म्हटलं की कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि 'एकांत' म्हटलं की शेजारी भलताच अर्थ काढतात. मराठीतला खरा शब्द 'आडोसा'. पण आडोसा मागायचा तो अंघोळीला, बाळंतिणीला, फार तर जेवणाच्या पानाला. घराला आडोसा मागणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे पूर्वी एकच शंका घेत. याच्याकडे वसुलीवाले येत असावेत!

आता पडेगावचं खरं कुंपण सांगतो. आमच्या बाजूच्या शेताचं कुंपण बोराटीचं होतं. शेताचे मालक नाना. आख्खं गाव त्यांना नानाच म्हणतं, त्यामुळे त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना नानाच म्हणत. दर वैशाखात, मृगाच्या आधी, नाना कुऱ्हाड घेऊन बांधावरच्या बोरी आणि बाभळी छाटत. हे काट्याचे फांजर हातानं उचलायचे नसतात. दोन फाट्यांची लांब काठी असते, तिला बेळकं म्हणतात. त्या बेळक्यानं एकेक फांदी ढकलत न्यायची, बुडखा आतल्या अंगाला आणि शेंडा बाहेर, आणि पुढच्या फांदीचा बुडखा मागच्या फांदीच्या काट्यांवर दाबून बसवायचा. बोरीच्या काट्यांत एक सरळ असतो आणि एक वाकडा. सरळ काटा टोचतो, वाकडा धरून ठेवतो. त्यामुळे फांद्या एकमेकींत अशा गुंततात की दोरी नको, तार नको, खिळा नको. हे विणकामच आहे, फक्त विणणारी बोटं दहा फूट लांब राहतात. पोर्चमध्ये चहा घेत मी हे पाहत असे, आणि दर वर्षी नाना तेच म्हणत, "गुरुजी, नुसतं बघून काटा मोडत नसतो."

खर्च शून्य. आयुष्य मात्र एक वर्ष. उन्हानं आणि वाळवीनं वर्षभरात त्याची रया जाते आणि पुढच्या वैशाखापर्यंत ते चुलीत जातं. यावरून नानांच्या कुंपणाला कोणी कच्चं म्हणेल, पण त्यात एक गंमत होती. दर वर्षी नवं कुंपण घालताना शेजारच्या शेतकऱ्याला बांधावर बोलवावंच लागे. तो येई, दोघे बांध न्याहाळत, मागच्या वर्षी हातभर इकडे सरकलेली फांदी तिकडे सरकवत, थोडी शिवीगाळ होई, मग तंबाखू होई. वकिलाचा खर्च वाचे.

पाऊस पडला की त्याच काट्यांवर दोडका, कारली, घोसाळी चढत. श्रावणात कुंपण हिरवंगार, पिवळ्या फुलांनी भरलेलं. भाचीला हवी असलेली प्रायव्हसी आम्हाला नागपंचमीला मिळायची आणि मार्गशीर्षात वेल वाळले की परत जायची. पाहुणे त्या चार महिन्यांतच बोलवावेत असा आमच्या घरचा शिरस्ता होता. वेल नानांचा, पण दोडका ज्याच्या बाजूला लोंबेल त्याचा, हा कायदा नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी केला होता. आणि काकूंचे वेल आमच्या बाजूलाच जास्त का लोंबतात, हे कोडं वनस्पतिशास्त्रानं सुटण्यासारखं नव्हतं.

एकदा मी नानांना विचारलं, की असल्या काट्यांनी चोर अडतो का? नाना म्हणाले, "चोराला काय हो, त्याच्यापाशी कोयता असतोय. कुंपन जनावरासाठी अन् भल्या मानसासाठी. भल्या मानसाला कळावं, का हितून म्होरं दुसऱ्याचं हाय."

जनावर म्हणजे मुख्यतः शेळी. पडेगावला सरकारी शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. त्या महामंडळाचं पूर्ण नाव शेळीच्या दाव्यापेक्षा लांब आहे. तिथल्या शेळ्या शिस्तीच्या असतील. नानांच्या चार शेळ्या मात्र पक्क्या उस्मानाबादी, काळ्याभोर, आणि मागच्या दोन पायांवर उभं राहून कुंपणाचा पाला खाण्यात तरबेज. 'कुंपणच शेत खातं' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे आधी शेळ्या कुंपण खात आणि मग रस्ता मोकळा झाल्यावर शेताकडे वळत. 

जाता जाता भाषेचीही एक खोड काढतो. हल्ली वर्तमानपत्रांत पुढारी 'कुंपणावर बसलेले' असतात. हा वाक्प्रचार साहेबाच्या देशातला. तिकडचं कुंपण फळ्यांचं, त्यावर बसून दोन्हीकडे पाय सोडता येतात. बोराटीवर बसून दाखवावं! आपल्या कुंपणावर बसतो तो सरडा, आणि त्याची धावसुद्धा तिथंच संपते. आपल्या पूर्वजांनी राजकारणाची पुरेशी सोय करून ठेवलेली नाही.

कुंपणाला कोकणात 'वई' म्हणतात. हा शब्द मला पोर्तुगीज वगैरे वाटत होता. निघाला आमच्याच जिल्ह्याचा! पैठणच्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, हा 'वइ' म्हणून बसलेला आहे. संस्कृत 'वृति', प्राकृत 'वइ', आणि मालवणात 'वई'. त्या गाथेत एका नांगरधाऱ्याच्या घराची वई आहे. तिला एक भोक पडलंय आणि त्यातून एरंडाचं एक भलंमोठं पान बाहेर आलंय. ते पान गावातल्या तरुणांना जणू सांगतंय, की या घरात शेतकऱ्याची तरुण बायको राहते. पानाच्या आकारावरून ते आणखीही काही सांगतं, पण हे पुस्तक घरात सगळे वाचतात. एवढंच म्हणतो, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही पैठणच्या परिसरात कुंपणातून प्रायव्हसी मिळत नव्हती, आणि ती मिळत नाही याचं कवीला दुःखही नव्हतं.

पैठणजवळच आपेगाव. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं गाव. मराठी वाङ्मयातला सर्वांत प्रसिद्ध विणलेला आडोसा याच घराण्याच्या नावावर आहे. ताटी म्हणजे काय, हे शाळेत 'ताटीचे अभंग' शिकवताना मला दर वर्षी सांगावं लागे. मुलांना वाटे, जेवणाचं ताट. ताटी म्हणजे काटक्या-कामट्यांचं विणलेलं दार. परंपरा सांगते, की लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर आत जाऊन ताटी लावून बसले, आणि धाकट्या मुक्ताबाईनं बाहेर बसून त्यांना समजावलं. मला नेहमी वाटतं, बरं झालं तिथं ताटी होती. आजच्यासारखा सेफ्टी डोअर, आत लाकडी दार, वर कडी असती तर त्या मुलीचा आवाज आत गेलाच नसता. विणलेल्या गोष्टीचा हा गुण आहे. ती नजर अडवते, बोलणं अडवत नाही.

याच्या उलट तट. पडेगाव बसलंय दोन तटबंद्यांच्या मधोमध. पूर्वेला छावणीच्या पलीकडे पूर्वीचं औरंगाबाद शहर. मलिक अंबरनं १६१० साली वसवलेल्या खडकीला औरंगजेबानं १६८०च्या दशकात कोट घातला. पश्चिमेला मिटमिट्यापुढे देवगिरी, म्हणजे दौलताबाद. अंबरकोट, महाकोट, कालाकोट आणि वर कातळात खोदलेला खंदक. एवढा बंदोबस्त जगात थोड्या किल्ल्यांना असेल. पण १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा, तवारिखा सांगतात, किल्ल्यात धान्याची म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाली आणि रामदेवराव यादवाला तह करावा लागला. मीठ खाऊन लढता येत नाही.

आणि मिठावरून आठवलं. जगातल्या सर्वांत लांब कुंपणांपैकी एक आपल्याच देशात, मिठासाठी घातलं होतं. इंग्रजांनी मिठावर जबर कर बसवला आणि स्वस्त मीठ चोरून येऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली. सुमारे २३०० मैल लांब, राखायला १२ हजारांच्या आसपास माणसं. ही रेषा आपल्या खानदेशाला लागून बऱ्हाणपुरावरून जात होती. आधी तिथं नानांसारखीच वाळक्या काट्यांची वई होती. पण वाळवी, वणवा आणि वादळ यांना इंग्रज सरकारचा धाक नसे. मग जकात आयुक्त ॲलन ह्यूम यांनी १८६७ नंतर जिवंत कुंपण लावायचा धडाका लावला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. शेकडो मैल हिरवी भिंत उभी राहिली. नानांच्या वईतून निदान हाक तरी जायची, या वईतून मुठभर मीठ जात नव्हतं, आणि ते न मिळाल्यानं गरिबांचे हाल झाले. १८७९ साली कराचे दर बहुतेक सारखे करून सरकारनं ही रेषा मोडीत काढली. पुढे रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज गृहस्थानं या कुंपणाचा शोध घेत हिंडून २००१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. शोधाअंती त्यांना उत्तर प्रदेशात त्याचा थोडासा अवशेष सापडला. आणि हे कुंपण वाढवणारे ह्यूमसाहेब कोण? तेच, ज्यांनी पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला! त्याच काँग्रेसच्या गांधीजींनी १९३० साली दांडीला जाऊन मूठभर मीठ उचललं. साहेबानं लावलेलं झाड साहेबालाच टोचलं ते असं.

काट्यांच्या बाबतीत आपण एरवीही परदेशाचे ऋणी आहोत. फड्या निवडुंग अमेरिकेतला. घायपात मेक्सिकोतली. घाणेरी तिकडचीच. वेडी बाभूळ तिकडची. आणि मराठवाड्यात ज्याच्या काड्या नुसत्या खोचल्या की कुंपण तयार होतं, पाणी नको, खत नको, शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, तो जांभळ्या फुलांचा बेशरमही दक्षिण अमेरिकेतून आलेला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून १८७४ साली जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं, तेही अमेरिकेतच. कोलंबस मिरी शोधायला गेला होता म्हणतात. तो बहुधा कुंपणाचं सामान शोधत असावा.

तार आली तशी गावागावातली बोराटी मागे पडली. तार दहा-वीस वर्षं टिकते, त्यामुळे बांधावर शेजाऱ्याला बोलावण्याचं कारण उरत नाही. मग तारेनंतर आलं कंपाउंड. इतकं ताठ दुसरं कोण उभं राहणार! १९८२ साली शहराची महापालिका झाली, वस्ती छावणी ओलांडून पसरत गेली आणि पडेगावात गुंठ्याचे भाव शेळीच्या भाषेत बोलता येईनासे झाले.

नानांच्या मुलांनी गेल्या वर्षी शेताचे प्लॉट पाडले. नाना आता नाहीत. काकू धाकट्याकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या लगतचा प्लॉट ज्यांनी घेतला ते गृहस्थ सभ्य आहेत. भिंत बांधण्याआधी विचारायला आले, निम्मा खर्च मागितला नाही, आणि "सात फूट घेतोय, तुम्हालाही प्रायव्हसी होईल" असंही म्हणाले. मी भाचीला तसं कळवलं. तिनं उलट विचारलं, "विणलेली का हो, मामा?"

वैशाखात पाया खणला. नानांच्या शेवटच्या बोराटीचा ढीग गवंड्यांनी बाजूला ओढला. ओढताना हातानं ओढला, बेळक्यानं नाही, त्यामुळे त्यांना दिवसभर सुई लागली. काकूंना मी निरोप दिला होता, बेळकं ठेवून घेतलंय म्हणून. त्या एका दुपारी रिक्षा करून आल्या, बेळकं पाहिलं, आणि पदराच्या गाठीतून दोडक्याच्या बिया काढून माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाल्या, "मिरगात टाका. भिताडावर चढतोय दोडका, त्याला काय कळतंय."

भिंत पुरी झाली तसा मिस्तरी वरून वाकून विचारू लागला, "गुरुजी, तुमच्या बाजूनं बी वर काचा रोवू का? शेठ रोवा म्हणलेत."

मी म्हटलं, "नको. वेल कापेल."