उद्या जोडी कोणाची?



इतिहासाच्या व्याख्यानाला असला विषय निवडलेला पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. बाळापूरचा किल्ला, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, मन आणि म्हैस या नद्यांचा संगम हे सगळे समोर असताना आम्ही शंकरपटाकडे वळलो, याची काही जणांनी आमच्यापाशी तक्रारही केली. परंतु वऱ्हाडातल्या कोणत्याही गावच्या पारावर पटाच्या आदल्या रात्री जाऊन बसावे. तेथे जो वाद रंगतो, तोही एका अर्थी इतिहासाचाच वाद असतो. मागे काय घडले ते आठवायचे, त्यातले आज लागू काय ते निवडायचे, आणि उद्या काय घडेल ते सांगायचे. "उद्या जोडी कोणाची?" हा त्यातला एकच प्रश्न. आज त्या प्रश्नाची थोडी चौकशी करू.

प्रथम आपल्या गावापुरते. आगगाडी आपल्या वेशीशी आली नाही. जवळचे स्टेशन पारस. तेथे उतरलेल्या माणसाला एकेकाळी बाळापूर गाठायचे तर दमणी किंवा रेंगीच करावी लागे. आमच्या लहानपणी घरातील वडीलमंडळी गाडीवानाचे नाव सांगत नसत. अमक्याची तांबडी जोडी, तमक्याची कोसी जोडी, अशी ओळख देत. कोणती जोडी उतारावर दबकते, कोणती पाणी पाहून थबकते, कोणती घराच्या वाटेला लागली की न हाकता पळते, हे सारे लोकांना पाठ असे. पटातला जाणता असा रस्त्यावर तयार होत होता. शाळेत आम्हांला पाढे शिकवले, बैलाचे दात मोजायला मात्र या मंडळींनी शिकवले.

बैलांची शर्यत ही काही अलीकडची हौस नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मुद्गलाचे सूक्त आहे. त्याचा अर्थ लावताना पंडितांत मतभेद आहेत, पण कथेचा गाभा असा की, मुद्गलापाशी जोडी पुरती नव्हती. एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला लाकडाचा द्रुघण जोडून रथ निघाला, आणि सारथ्य केले मुद्गलानीने. आदल्या रात्री पारावर कोणी या रथाचे नाव घेतले असते तर लोक हसले असते. तरी जिंकला तोच. आज अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बाया छकडा हाकतात, तेव्हा पाहणाऱ्यांना ते नवे वाटते. आम्हांला मुद्गलानी आठवते.

दुसरी कथा जातकांतली. नंदिविशाल नावाच्या बैलाने आपल्या ब्राह्मण मालकाला सांगितले, मी शंभर गाड्या ओढीन, हजाराची पैज लाव. पैज लागली. गाड्या एकामागे एक बांधल्या. मालक धुरेवर बसला आणि चेव आणण्यासाठी त्याला 'लबाडा' म्हणून ओरडला. बैल जागचा हलला नाही, हजार गेले. मागाहून बैलाने विचारले, तुझ्या घरी मी कधी काही मोडले का, मग लबाड कशाचा? मालक ओशाळला. दुसऱ्या खेपेस त्याने पाठीवर हात फिरवून प्रेमाने हाक दिली, आणि शंभराच्या शंभर गाड्या हलल्या. पैज या वेळी दुप्पट होती! बैल तोच, गाड्या त्याच, ओझे तेच; फरक पडला तो जिभेचा.

तिसरा दाखला अबुल फजलचा. 'आइन-इ-अकबरी'त तो गुजराती बैलांची तारीफ करतो. दिवसरात्रीत ऐंशी कोस चालतात, वेगवान घोड्यांनाही मागे टाकतात, आणि एकेक जोडी शंभर मोहरांपर्यंत जाते, असे तो लिहितो. याच ग्रंथात आपल्या बाळापूरच्या नदीकाठी सापडणाऱ्या सुंदर दगडांचाही उल्लेख आहे. दरबारी माणसालाही बैलाचा वेग ग्रंथात नोंदण्याजोगा वाटत होता, एवढे यावरून दिसते.

आता थोडे दूर जाऊ. इंग्रज लोक घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती लावतात. त्यांचा उगम आयर्लंडात, 1752 साली सांगतात. दोघा गृहस्थांनी बटव्हंट गावच्या देवळाच्या मनोऱ्यापासून डोनरेलच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतली कुंपणे, ओढे, बांध ओलांडीत घोडे फेकले. लिव्हरपूलजवळ एन्ट्रीला 1839 पासून धरली जाणारी 'ग्रँड नॅशनल' ही या जातीतली सर्वांत नावाजलेली शर्यत. तिच्या आधी वर्तमानपत्रे रकानेच्या रकाने भरून अंदाज छापतात. आणि होते काय? 1928 साली 42 घोडे सुटले, पुरे करून आले दोनच, आणि जिंकला टिपरेरी टिम, ज्याच्यावर एकास शंभर भाव होता. 1967 साली तेविसाव्या कुंपणापाशी एक मोकाट घोडा आडवा आला. पुढचे घोडे अडले, मागचे त्यांच्यावर आदळले. मागे रेंगाळलेला फॉइनॅव्हन तेवढा त्या गर्दीतून वाट काढून निघाला आणि जिंकला. त्याचाही भाव एकास शंभरच होता. म्हणून तिकडचे जाणते आधी घोडा पडतो कोठे ते पाहतात, आणि पळतो किती ते मागाहून.

पडण्याचे कारण पुष्कळदा जमिनीत असते. याचा दाखला शोधायला विलायतेला जाण्याचे कारण नाही. तो आपल्याच शिवारात आहे. 10 ऑगस्ट 1720 रोजी बाळापूरजवळ निजामउल्मुल्क आणि सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान यांची लढाई झाली. आलमअली तरुण आणि धाडसी होता. त्याच्या मदतीला मराठ्यांची चपळ घोडदळे होती. पारावर बसून पैज लावली असती तर पुष्कळांनी त्याचेच नाव घेतले असते. पण दिवस पावसाचे, पूर्णेला पूर, आणि खाली आपली काळी माती. त्या मातीत वेगाला काय किंमत? निजामाने उतार शोधून नदी ओलांडली, तोफा बेताने मांडल्या आणि डाव साधला. आलमअली रणात पडला आणि दक्षिणेचा पुढचा इतिहास बदलला. ज्याने घोडे मोजले त्याचा अंदाज चुकला. ज्याने आधी चिखल पाहिला त्याचा बरोबर आला.

एवढी शिदोरी घेऊन आता पटावर जाऊ. उद्या पट आहे असे धरून चालू. आमच्या मते पाहायच्या गोष्टी पाच. पहिली जमीन: काळी माती थंडीत टणक होते, म्हणून तर पटाचे दिवस सुगीनंतरचे. परंतु धावपट्टीच्या शेवटी भुसभुशीत असेल तर हलका बैल सरस ठरतो. दुसरी खूर आणि खांदा: खांद्यावर जुनी सूज असेल तर बैल जू टाळतो. तिसरी दात: चार दाती बैलाला उसळी फार, पण धीर कमी. चौथी जोड: दोघांचे पाऊल एका वेळी पडते की नाही. पाचवी धुरकरी.

तीन जोड्या समोर आणा. पहिली नावाजलेली, पांढरीशुभ्र, गळ्यात घुंगुरमाळा. मागच्या पटाचे बक्षीस तिनेच नेले. पण आठवड्यात दोन पट करून, मालमोटारीत उभी राहून ती आली आहे. रात्री ढेपेला तोंड लावत नाही. दुसरी चार दाती, अंगाने चटपटीत, सुटताना बाणासारखी. मात्र उजवा बैल डाव्याला ओढतो, त्यामुळे छकडा सरळ जात नाही. तिसरी दिसायला साधी, दात जुळलेली, गवळाऊ रक्ताची, मालकाच्याच वावरात वाढलेली. कुटार स्वस्थ खाते, हाकेसरशी कान टवकारते, आणि चार पावलांतच दोघांची चाल एक होते. लोक पहिलीचे नाव घेतील, पोरे दुसरीचे. आमची निवड तिसरी. पहिली दुसऱ्या क्रमांकावर यावी. दुसरी पुढच्या वर्षी पाहण्यासारखी.

असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगतो खरे; पण एकदा तोंडघशी पडलो आहोत. तिसरीसारखीच एक जोडी आम्ही निवडली होती. जमीन, खूर, दात, जोड, सारे जमले होते. ऐन वेळी तिचा नेहमीचा धुरकरी आजारी पडला आणि परका माणूस बसला. त्याने ओरडून, पराणी टोचून बैलांना सोडले. बैल बिथरले आणि पट्टी सोडून माणसांत शिरले. सुदैवाने कोणी दगावले नाही. परतताना शेजारचे म्हातारे एवढेच म्हणाले, "बाप्पा, तुम्ही बैल पाहिले, माणूस नाही पाहिला." नंदिविशालाची कथा आम्हांला त्या दिवशी खरी कळली.

आणि हा प्रश्न एका जोडीपुरता राहिला नाही, सगळ्या पटांवर आला. शेपट्या पिरगाळणे, चावणे, आर टोचणे असले प्रकार वाढले. 2011 साली केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनात वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने 2017 साली आपला कायदा केला, तोही न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा ग्राह्य धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची वैद्यकीय तपासणी लागते, अंतर 1000 मीटरच्या आत ठेवावे लागते, आणि बैलाला छळणे हा गुन्हा आहे.

काही मंडळी या अटींना जाच म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्याला आपण हळद-तूप लावून शेकतो, त्याच खांद्यावर पौषात आर टोचायची, हे कोणत्या परंपरेत बसते? आमचे म्हणणे त्याही पुढचे आहे. नांगर ट्रॅक्टरने घेतला, वाहतूक मोटारीने घेतली. बैल ओळखणारी नजर टिकण्याला आता पटासारखी जागा क्वचितच उरली आहे. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते, पण तो जोडी सुटल्यानंतर. जोडी सुटण्याआधी तिच्याकडे पाहून बोलणारा माणूस गेला, तर पट चालू राहूनही आपले काही तरी जाईल.

तेव्हा पुढच्या हंगामात पटाला जाल तेव्हा थोडे लवकर जा. बक्षिसाचा फलक मागाहून वाचा. आधी जोड्या बांधल्या असतील तेथे फिरा, खूर पाहा, खांदा पाहा, आणि मालक बैलाशी कसा बोलतो ते कान देऊन ऐका. मग आपली निवड मनाशी ठरवा. ती चुकली तर आम्हांला अवश्य सांगा; आम्हीही आमची सांगू.