प्रौढांमधील चिंताविकार : उपचारांचे पर्याय

चिंताविकारावर सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांत बदल घडवणारी मानसोपचारपद्धती, आणि औषधे हे प्रमुख उपाय असून ते एकत्रही योजले जातात. थायरॉईडच्या अतिक्रियाशीलतेतही अशीच लक्षणे दिसतात. ती तपासणी आधी करणे इष्ट. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचा गुण दिसण्यास साधारण २ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता वाढूही शकते आणि नेमके तेव्हाच काही रुग्ण गोळ्या सोडून देतात. अल्प्राझोलामने लवकर आराम पडतो, मात्र त्याची सवय जडते. जुनी चिठ्ठी दाखवून ते घेत राहणे धोक्याचे. दीर्घकाळ घेतलेले औषध एकाएकी न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते.