अंधारातले फोटो: प्रोफेशनल डिजिटल कॅमेऱ्यांच्या नॉइजची आणि हाताळणीची गोष्ट

मंडळी, तुमच्या जुन्या हार्ड डिस्कवर २००३-०४ सालच्या गणेशोत्सवाचा एखादा फोल्डर असेलच. शाळेचं भाड्याने घेतलेलं सभागृह, स्टेजवर मोजके पिवळे दिवे, रंगात आलेलं नाटक. आणि फोटोत नायिकेच्या गडद शालूवर लाल-हिरव्या ठिपक्यांचा सडा. ‘फोटो फुटलाय’ म्हणून आपण तो बाजूला टाकतो. पण तो डिलीट करण्याआधी हे ठिपके येतात कुठून आणि ते कमी व्हायला इतकी वर्षं का लागली, हे पाहू या.

आधी थोडं विज्ञान. प्रकाश सेन्सरवर थेंबाथेंबाने पडतो. पावसात ठेवलेल्या दोन सारख्या वाट्यांत थेंब अगदी सारखे पडत नाहीत, तसंच इथे होतं. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील, तर चढउतार सुमारे १०० कणांचा, म्हणजे १ टक्का. तेच १०० कण पडले तर चढउतार १० कणांचा, म्हणजे १० टक्के. कमी उजेडात ठिपके दिसतात ते मुख्यतः यामुळे. त्यात कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची खरखर मिसळते. आयएसओ वाढवल्याने उजेड वाढत नाही. माइकचा आवाज वाढवला की गायकाबरोबर पंख्याची घरघरही मोठी होते, तसंच ते आहे.

म्हणजे उपाय दोनच: जास्त प्रकाश गोळा करा, किंवा कॅमेऱ्याची खरखर कमी करा. प्रोफेशनल डिजिटल कॅमेऱ्यांमधली चढाओढ बरीचशी या दोन वाटांवरून झाली. पण निकाल केवळ त्यावर लागला नाही. कॅमेरा हातात कसा बसतो, यालाही तितकंच वजन होतं.

१९९१ साली कोडॅकने पहिला विक्रीसाठीचा प्रोफेशनल डिजिटल एसएलआर आणला, डीसीएस. बॉडी निकॉन एफ३ची, सेन्सर १.३ मेगापिक्सेलचा, किंमत वीस हजार डॉलरांच्या घरात. फोटो साठवण्यासाठी २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेली वेगळी पेटी खांद्याला अडकवायची आणि ती केबलने कॅमेऱ्याला जोडायची. ही पेटी सांभाळत मैदानावर धावण्याची कल्पना करून पाहा! तरीही वृत्तसंस्थांना त्यात रस होता, कारण फिल्म धुण्याचा वेळ वाचत होता.

चित्र पालटलं ते १९९९ साली, निकॉन डी१मुळे. २.७ मेगापिक्सेल, सेकंदाला साडेचार फोटो, आयएसओ १६००पर्यंत. पण बातमीदार छायाचित्रकारांना तो आपलासा वाटला त्यामागे आणखी एक कारण होतं. बॉडी निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्यांच्या वळणाची होती. डायल ओळखीच्या जागी आणि कपाटातल्या लेन्सा तशाच चालणाऱ्या. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना बोटांना काही शोधावं लागत नव्हतं. मात्र आयएसओ १६००ला सावल्यांत ठिपके भरपूर.

कॅननने वेगळा डाव टाकला. तोवर चांगल्या कॅमेऱ्यांत सीसीडी सेन्सर असायचा. आग विझवताना माणसांच्या रांगेतून बादल्या पुढे जातात, तसा त्यातला विद्युतभार पुढे सरकत शेवटी मोजला जातो. सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, पण हे लाखो अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांसारखे नसतात, म्हणून चित्रावर कायमची जाळी उमटे. १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि सहकाऱ्यांनी सीमॉसला नवी दिशा दिली. कॅननने २०००च्या ईओएस डी३०मध्ये पिक्सेलची खरखर आधी मोजून मग वजा करण्याची युक्ती वापरली, आणि २००२मध्ये ११ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम १डीएस आणला.

या चढाओढीतली सर्वांत बोलकी जोडी म्हणजे निकॉन डी२एच (२००३) आणि कॅनन १डी मार्क टू (२००४). डी२एच ४ मेगापिक्सेलचा, सेकंदाला ८ फोटो. हातात चपखल आणि झटपट. मार्क टू ८.२ मेगापिक्सेलचा, सेकंदाला साडेआठ फोटो. त्याची हाताळणी मात्र अवघडच. मेन्यूत काही निवडायचं तर एका बोटाने बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने डायल फिरवायची. चुकून सेटिंग बदलू नये यासाठी ही सोय, पण हातमोजे घातलेल्या माणसाला विचारा! तरी रात्रीच्या सामन्यात मार्क टूचे फोटो स्वच्छ येत, आणि मैदानाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सांची रांग दिसे. इथे नॉइजने हाताळणीवर मात केली.

२००७ साली पारडं फिरलं. कॅननच्या १डी मार्क थ्रीच्या ऑटोफोकसबद्दल तक्रारी आल्या, आणि कंपनीला दुरुस्ती जाहीर करावी लागली. त्याच वर्षी निकॉनने डी३ आणला. मेगापिक्सेलच्या मागे न धावता १२वर थांबायचं आणि सेन्सर फुल-फ्रेम घ्यायचा, असा हिशेब. डी२एचच्या सेन्सरच्या सुमारे २.४ पट क्षेत्रफळ, म्हणजे तितका जास्त प्रकाश. आयएसओ ६४०० नेहमीच्या वापरात, आणि गरज पडल्यास २५,६००पर्यंत. शिवाय सेकंदाला ९ फोटो, आणि हाताला ओळखीची तीच निकॉनची बॉडी. हळूहळू पांढऱ्या लेन्सांच्या रांगेत काळ्या लेन्साही दिसू लागल्या.

याचा तुमच्या-माझ्याशी काय संबंध? आहे. फ्लॅश मारला की समईच्या उजेडातला चेहरा समईच्या उजेडातला राहत नाही. नाटकात, गाभाऱ्यात, झोपलेल्या बाळाजवळ फ्लॅश मारताच येत नाही. चांगला आयएसओ ६४०० मिळाल्यावर असे प्रसंग होते तसे टिपता येऊ लागले. डी३मधली ही क्षमता पुढच्या काही वर्षांत हौशी माणसाच्या कॅमेऱ्यातही उतरली.

आता दोन सूचना. जुन्या आणि नव्या कॅमेऱ्याची तुलना पडद्यावर १०० टक्के मोठं करून करू नका. ४५ मेगापिक्सेलचं चित्र तसं पाहिलं तर उगाच खराब दिसतं. दोन्ही एकाच आकारात छापा आणि मग ठरवा. आणि त्या जुन्या फोल्डरमध्ये रॉ फाइली असतील तर त्या जपून ठेवा. आजचं सॉफ्टवेअर त्यातून तेव्हापेक्षा बरंच चांगलं चित्र काढतं. मात्र एक लक्षात घ्या: शिकवलेलं सॉफ्टवेअर ठिपके पुसताना रिकाम्या जागी अंदाजाने तपशील भरतं. शालूची जर नीट आली तर आनंदच, पण आजीच्या गालावरची सुरकुती तिचीच आहे की संगणकाची, हे मूळ फाइलशी ताडून पाहा. साफ केलेली प्रत नातवंडांना पाठवा, आणि ठिपक्यांची मूळ प्रत तिच्या शेजारी ठेवा.