तपोदा, जन्ताघर आणि उष्णोदकाकाठचा निवास

पालघर तालुक्याच्या पूर्वभागात कोकनेर, हालोली आणि सातिवली या गावी गरम पाण्याचे झरे आहेत. तेथून आग्नेयेस, ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाने अकलोली, वज्रेश्वरी आणि गणेशपुरी येथील कुंडे सर्वपरिचित आहेत. उत्तरेस कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे विखुरलेले असून पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडील उन्हवरे ही ग्रामनामेच पाण्याची उष्णता सांगतात. हे पाणी जिवंत ज्वालामुखीमुळे तापलेले नाही. पावसाचे पाणी बेसाल्ट खडकातील भेगांवाटे खोल मुरते, भूगर्भातील स्वाभाविक उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. जपानच्या १९४८ च्या कायद्यानुसार भूमीतून निघणारे पाणी उगमाशी २५ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक उष्ण असले म्हणजे त्याला ‘ओनसेन’ ही संज्ञा लागू होते. त्या कसोटीस आपले झरे सहज उतरतील.

पाणी दोन्हीकडे आहे. परंतु जपानमध्ये त्या पाण्याकाठी राहण्याची एक संस्था शतकानुशतके विकसित झाली. समोर डोंगर, अंगात सुती युकाता, जमिनीवर अंथरलेली शय्या आणि सामुदायिक स्नानगृह असलेल्या रिओकान नावाच्या निवासगृहात राहण्यासाठी आज जगभरचे प्रवासी तेथे जातात. ही संस्था पुष्कळ अंशी बौद्ध विहाराच्या आश्रयाने वाढली आणि विहारातील स्नानव्यवस्थेचे मूळ विनयपिटकापर्यंत पोहोचते, ही गोष्ट मात्र प्रवाशांना क्वचितच ठाऊक असते. त्या मुळाचा शोध घेऊन आपल्या झऱ्यांच्या संदर्भात त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पालि साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध उष्णोदक म्हणजे राजगहाजवळील तपोदा. तिच्या नावाने तपोदाराम हा विहार ओळखला जाई. मज्झिमनिकायात समिद्धि नावाचा भिक्खू पहाटे उठून तपोदेवर स्नानास जातो आणि अंग वाळवीत उभा असता एक देवता त्याला भद्देकरत्ताचा अर्थ विचारते, असा प्रसंग आहे. डोंगरांनी वेढलेल्या राजगहाच्या पायथ्याशी, रात्र सरता सरता, उष्णोदकाने न्हालेला तरुण भिक्खू. धम्मचर्चेसाठी देवतेने हीच वेळ निवडली.

विनयपिटकातील कथा याहून व्यावहारिक आहे. मगधराज बिम्बिसार तपोदेवर स्नानासाठी गेला असता तेथे भिक्खू स्नान करीत होते. त्यांचे स्नान होईपर्यंत आपण थांबावे, असे म्हणून राजा बाजूस थांबला. भिक्खू मात्र अंधार पडेपर्यंत पाण्यातून निघाले नाहीत. राजाचे स्नान होईतो नगरद्वार बंद झाले आणि त्या सार्वभौम राजाला रात्र नगराबाहेर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी हे समजल्यावर भगवान बुद्धांनी भिक्खूंना दोष दिला. मात्रा न ओळखता ते न्हात राहिले, हा तो दोष होय. त्यातून ५७ व्या पाचित्तियाचा नियम झाला : अर्ध्या मासाच्या आत पुन्हा स्नान करू नये. उष्ण ऋतू, दाह, आजार, श्रमाचे काम, प्रवास आणि वादळवारा हे त्याचे अपवाद. म्हणजे रोगी, कष्टकरी आणि वाटसरू यांचा पाण्यावरील अधिकार आधी मान्य करण्यात आला.

या नियमाचा आपल्या प्रदेशाशीही संबंध आहे. महावग्गात सोण कुटिकण्ण हा आपले उपाध्याय महाकच्चान यांच्या वतीने भगवंतांपुढे जी निवेदने मांडतो, त्यांत एक असे की, अवंति-दक्खिणापथातील लोक स्नानाला फार महत्त्व देतात. त्यावर मध्यदेशाबाहेरील जनपदांत नित्य स्नानाची अनुज्ञा देण्यात आली. देशाचार पाहून नियम शिथिल करण्याचा हा विवेक लक्षणीय आहे.

नैसर्गिक झरा नसेल तेथे काय करावे, याचे उत्तर चुल्लवग्गात आहे. वेसाली येथे उत्तम भोजनांच्या निमंत्रणांमुळे भिक्खूंची शरीरे जड होऊन ते आजारी पडू लागले. कामानिमित्त तेथे आलेल्या जीवक कोमारभच्च या वैद्याने ते पाहिले आणि चंक्रमण व जन्ताघर यांची अनुज्ञा मागितली. जन्ताघर म्हणजे अग्नीने तापविलेले स्नानगृह. उंच जोते, पायऱ्या, धूर जाण्यासाठी धूमनेत्त, उष्णतेपासून तोंड वाचविण्यासाठी लावावयाची माती, बसावयाची पीठे, सांडपाण्याची मोरी असे त्याचे सर्व तपशील विनयात एकामागून एक येतात. लहान जन्ताघरात चूल एका बाजूस असावी आणि मोठ्यात मध्यभागी, इतकी सूक्ष्मता त्यात आहे.

परंतु वास्तू बांधली म्हणजे व्यवस्था झाली, असे नाही. आत जाण्यास थेरांनी अडविले म्हणून छब्बग्गिय भिक्खूंनी भरपूर लाकडे घालून अग्नी पेटविला आणि दार लावून ते दाराशी बसले. आतील थेर उष्णतेने मूर्च्छित पडले. या प्रसंगानंतर जन्ताघरवत्त, म्हणजे स्नानगृहातील कर्तव्ये, सांगण्यात आली. जो प्रथम जाईल त्याने राख काढावी, झाडावे, माती मळावी. थेरांना खेटून बसू नये, तसेच नवख्या भिक्खूंना आसनावरून उठवू नये. शक्य असेल तर थेरांची अंगसेवा करावी. जो शेवटी निघेल त्याने चिखल झाला असल्यास धुवावे, अग्नी विझवावा, दार लावून जावे. कनिष्ठाने ज्येष्ठाचा मान राखावा आणि ज्येष्ठाच्या निमित्ताने कनिष्ठाला हुसकावू नये, अशी ही दुहेरी मर्यादा आहे.

जीवकाचे नाव पुढे चीनमध्ये गेले. उष्णगृहात संघाला स्नान घालण्याविषयीच्या एका चिनी सूत्रात जीवकच बुद्धांना व संघाला स्नानाचे निमंत्रण देतो. इंधन, शुद्ध पाणी, तेल, दंतकाष्ठ, अंतर्वस्त्र इत्यादी सात साधने आणि स्नानदानाची सात फळे त्यात सांगितली आहेत. परंपरेने या सूत्राचे भाषांतर दुसऱ्या शतकातील आन शिगाव याच्या नावावर असले तरी अभ्यासकांना ते निश्चित वाटत नाही. जपानमध्ये हे सूत्र विहारांतील स्नानगृहांचा आधार ठरले. तेथील मोठ्या विहारांनी भिक्खूंसाठी स्नानगृहे बांधली आणि गरीब व रोगी यांच्यासाठी ‘सेयोकु’, म्हणजे स्नानदान, सुरू केले. ७३० साली औषधदानाची संस्था स्थापन करणाऱ्या सम्राज्ञी कोम्यो (७०१–७६०) हिच्याविषयी आख्यायिका आहे की, तिने एक सहस्र लोकांना स्वहस्ते न्हाऊ घालण्याचा संकल्प केला आणि शेवटचा कुष्ठरोगी अक्षोभ्य बुद्ध म्हणून प्रकट झाला. आख्यायिका इतिहास नव्हे. परंतु अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वहस्ते धुणारे भगवान महावग्गात ज्याने वाचले आहेत, त्याला तिचे मूळ ओळखता येईल.

उष्णोदकाकाठच्या निवासगृहांचा आरंभही याच वातावरणात झाला. कोबेजवळच्या आरिमा येथील झऱ्यांचा जीर्णोद्धार भिक्खू ग्योकी (६६८–७४९) यांच्या नावावर आहे. पुढे ११९१ मध्ये निन्साई या भिक्खूने ते स्थान पुन्हा वसविले आणि बारा निवास उभारले, अशी परंपरा आहे. तेथील जुन्या निवासगृहांच्या नावाअखेरीस येणारा ‘बो’ हा शब्द भिक्खूंच्या निवासाचा वाचक आहे. किनोसाकीचा झरा दोची या भिक्खूच्या सहस्र दिवसांच्या साधनेने ७२० मध्ये प्रकटला, असे मानतात. पूर्वी तेथे येणारा प्रथम ओनसेनजी या विहारात जाऊन पळी घेई आणि मग पाण्यात उतरे. हाकुसान पर्वताशी निगडित असलेल्या ताइचो या भिक्खूच्या सांगण्यावरून ७१८ मध्ये आवाझु येथे स्थापन झालेल्या निवासगृहाचे नावच ‘होशी’, म्हणजे धर्माचार्य, असे आहे. डोंगराचे दर्शन हा तेथे केवळ सौंदर्याचा विषय नव्हता. डोंगर हे साधनेचे स्थान होते आणि पायथ्याचे पाणी हे त्या साधनेतून लोकांना मिळालेले दान समजले जाई. सुगीनंतर शेतकरी शिधा घेऊन येत, स्वतः रांधून खात आणि आठवडा आठवडा उपचारस्नान करीत. सामुदायिक कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुण्याची जी शिस्त आज परदेशी पाहुण्याला प्रथम शिकविली जाते, ती जन्ताघरवत्ताचीच सगोत्र आहे.

तथापि या इतिहासाकडे भाबडेपणाने पाहू नये. ज्या देशात कोम्योची आख्यायिका सांगितली जाते, त्याच देशात कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे ठेवणारा कायदा १९९६ पर्यंत अस्तित्वात होता. तो रद्द झाल्यानंतर सात वर्षांनी, २००३ मध्ये, कुमामोतो प्रांतातील एका ओनसेन-निवासगृहाने रोगमुक्त झालेल्या वृद्धांना निवास नाकारला. प्रांतशासनाने हस्तक्षेप केला, देशभर निषेध झाला. पाणी, डोंगर, आदरातिथ्य सर्व जागेवर होते. वत्त मात्र सुटले होते. आपण त्याबद्दल त्यांना हसण्याचे कारण नाही. महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो आपल्याच कोकणात.

वाटसरूला निवास देण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला परकी नाही. नाशिकच्या लेण्यांतील लेखात क्षहरात नहपानाचा जामात उषवदात याने शोर्पारग, म्हणजे आजचे सोपारा, येथे चतुःशाला-आवसथ बांधल्याचा आणि दाहनुका नदीवर विनामूल्य नावांची सोय केल्याचा उल्लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ही नोंद म्हणजे या किनारपट्टीवरील निवासगृहांचा सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक होय. त्याहूनही जुना आहे तो सोपाऱ्याचा अशोकलेख. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये तेथे आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे सापडला. योगायोग असा की, आठव्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी आणि सुखासाठी विहारयात्रा करीत. अशोकाने संबोधीस गेल्यानंतर धम्मयात्रा आरंभिली. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांना दान आणि जनपदातील लोकांशी भेट या गोष्टी होत्या. नववा लेख निरर्थक मंगलकृत्यांच्या ठिकाणी धम्ममंगल सांगतो आणि त्यात दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन प्रथम गणतो.

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि मुंबईचे सान्निध्य यांमुळे अशेरी आणि कोहोज यांच्या परिसरात सुटीच्या दिवशी येणाऱ्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे. सातिवली वा कोकनेरच्या पाण्याकाठी डोंगराकडे उघडणारी दालने बांधणे कठीण नाही. परंतु झऱ्याच्या गावातील आदिवासी स्त्रीला, कारखान्यातील पाळी संपवून आलेल्या मजुराला आणि त्वचारोगाने पीडित माणसाला त्या पाण्यात जागा राहील काय, सेवकाला कसे वागविले जाईल, सांडपाणी कोठे जाईल, हे प्रश्न बांधकामापूर्वी विचारावयाचे आहेत. विनयाने ते विचारले आणि प्रत्येकाचे उत्तर नियमात लिहून ठेवले. जपानने त्या उत्तरांतील पुष्कळसा भाग जतन केला व काही गमावला. आपल्याकडे ग्रंथ आहे, लेख आहेत आणि पाणीही वाहते आहे. येथे पहिले निवासगृह बांधणाऱ्याने जन्ताघरवत्त मराठीत भिंतीवर लावावे, आणि ते पाहुण्याआधी मालकाला लागू करावे.