गरम मेण, लाख आणि त्वचा : नवशिक्यांनी आधी जाणून घ्यावे असे काही

गोंदिया या नावाची व्युत्पत्ती सांगताना अनेक जण गोंद म्हणजे डिंक आणि लाख यांच्या जुन्या व्यापाराकडे बोट दाखवतात. पळस, कोशिंब आणि बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात, आणि त्यांच्या अंगातून स्रवणाऱ्या राळेचे कवच म्हणजे लाख. ही राळ शुद्ध करून चपडी बनवण्याची जुनी रीत मोठी धाडसाची होती. कापडाच्या लांबलचक पिशवीत लाखेचे दाणे भरून ती निखाऱ्यांसमोर धरून पिळत. पाझरलेली वितळलेली लाख थापून तिचा पत्रा करीत, आणि मग एक कसबी कामगार तो गरम पत्रा हातांनी, पायाच्या बोटांनी व चक्क दातांनी धरून सर्व बाजूंनी ताणत असे. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याला कोणत्या क्षणी तो पत्रा धरता येतो हे ठाऊक असे. आज दूरचित्रवाणी किंवा इंटरनेटवर पाहून गरम मेण अंगावर घेणाऱ्यांजवळ नेमके हेच ज्ञान नसते.

गरम मेणाचा त्वचेशी संबंध तीन ठिकाणी येतो. एक, ब्यूटी पार्लरमधील वॅक्सिंग. दुसरा, सांधेदुखीसाठी फिजिओथेरपीत दिले जाणारे मेणाचे शेक. आणि तिसरा, ज्याविषयी आपल्याकडे उघडपणे बोलले जात नाही तो, प्रौढ जोडप्यांनी शृंगाराचा भाग म्हणून मेणबत्तीचे थेंब अंगावर घेणे. पाश्चात्त्य देशांत याला ‘वॅक्स प्ले’ म्हणतात. कोणी हे करावे की करू नये, हा ज्याच्या त्याच्या खासगी निवडीचा प्रश्न आहे. मात्र संकोचापोटी माहितीच न मिळाल्याने कोणी भाजून घ्यावे, हे काही योग्य नव्हे.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग आजही या विषयाचा पाया मानले जातात. त्यांच्या निष्कर्षानुसार ४४ अंश सेल्सियसला त्वचा भाजण्यास सुमारे सहा तास लागतात. परंतु ६० अंशांना अवघे पाच सेकंद पुरतात आणि ७० अंशांना जेमतेम एक. म्हणजे तापमान थोडे वाढले की सुरक्षित वेळ झपाट्याने आटत जातो. ‘थोडे जास्त गरम आहे, चालेल’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे.

मेणाच्या बाबतीत दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध काम करतात. मेण उष्णतेचे मंद वाहक आहे. पाण्याच्या तुलनेत ते त्वचेला उष्णता सावकाश देते. म्हणूनच फिजिओथेरपीत खनिज तेल मिसळलेल्या सुमारे ५२ ते ५४ अंशांच्या पॅराफिनमध्ये हात बुडवता येतो. तितक्याच गरम पाण्यात तो ठेवणे असह्य होईल. पण पाणी ओघळून जाते, मेण चिकटून बसते. घट्ट होताना ते साठवलेली उष्णता सोडत राहते, आणि थर जाड असेल तर ती बराच वेळ त्वचेतच मुरते. एक थेंब आणि एक ओंजळ यांत केवळ प्रमाणाचा फरक नाही. परिणामाची जातच बदलते.

मेण कोणते, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सोयाबीनच्या तेलापासून बनवलेली काचेच्या भांड्यातील मेणबत्ती साधारणतः ५० अंशांच्या आसपास वितळते. पॅराफिनचा पल्ला मोठा आहे, प्रकारानुसार सुमारे ४६ ते ६८ अंश. दुकानातील पुडक्यावर तो लिहिलेला नसतो, आणि मेणबत्ती टणक व्हावी म्हणून त्यात स्टिअरिक आम्लासारखी द्रव्येही मिसळलेली असतात. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. नवेगाव-नागझिऱ्याच्या परिसरात जंगलातील मध गोळा केला जातो, तेव्हा पोळ्यातून निघणारे मेण हेच. ते नैसर्गिक, सुगंधी, देखणे असते. आणि त्वचेवर टाकण्यास सर्वथा अयोग्य. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हा आपला लाडका समज येथे सपशेल चुकतो.

लाख तर मेण नव्हेच. ती सुमारे ७५ ते ८० अंशांना वितळते आणि त्वचेला अशी चिकटते की ओढताना कातडी सोबत येते. टपालाच्या पाकिटांवर व बँकेच्या पिशव्यांवर मोहोर उठवण्यासाठी वापरली जाणारी लाखेची कांडी रंगीत मेणबत्तीसारखी दिसते खरी, पण तिचा एक थेंब बोटावर पडलेल्या कोणत्याही जुन्या कारकुनाला विचारावे. पांडवांसाठी लाक्षागृह बांधणाऱ्याने पदार्थाची निवड विचारपूर्वकच केली होती. तात्पर्य, लाख, मोहोरेची कांडी, मधमाशांचे मेण, चकाकी किंवा धातूची भुकटी घातलेल्या शोभेच्या मेणबत्त्या यांपैकी काहीही अंगावर टाकू नये. रंग व सुगंध जास्त असलेल्या मेणबत्त्यांनी अॅलर्जीही होऊ शकते. साधी, पांढरी, बिनवासाची आणि कमी तापमानाला वितळणारी मेणबत्तीच त्यातल्या त्यात बरी; खास या उपयोगासाठी बनवलेल्या मेणबत्त्याही मिळतात.

वितळणबिंदू हे मेणाचे किमान तापमान होय, थेंबाचे नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. वातीलगतचे मेण त्याहून बरेच अधिक तापलेले असते. काचेच्या भांड्यात बराच वेळ जळलेल्या मेणबत्तीचे साचलेले मेण तर एकदम ओतणे अतिशय धोक्याचे. थेंब जितक्या उंचावरून पडेल तितका तो वाटेत थंड होतो. प्रारंभ हात-दीड हात उंचीवरून करावा आणि पहिला थेंब ज्याच्या हाती मेणबत्ती आहे त्याने स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूस घेऊन पाहावा. तेथे चटका सहन होत नसेल तर दुसऱ्याच्या पाठीवर तो होईल असे मानण्यास काही आधार नाही. एकाच जागी थेंबावर थेंब टाकू नयेत.

चेहरा, डोळे, मान, जननेंद्रिये, स्तनाग्रे, काखा, तसेच तीळ, जखमा, सुजलेल्या शिरा आणि उन्हाने रापलेली त्वचा पूर्णपणे वगळावी. पाठ व मांड्यांचा बाहेरील भाग त्या मानाने दणकट असतो. आधी त्या जागी तेलाचा अगदी पातळ हात फिरवला तर मेण नंतर सहज सुटते आणि केस उपटले जात नाहीत. मात्र अत्तर, स्पिरिट किंवा डिओडरंट लावलेल्या अंगाजवळ ज्योत मुळीच नेऊ नये, कारण ते पेट घेतात.

मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका बसल्याचे कळतच नाही. अशांनी हा प्रकार, आणि फिजिओथेरपीचा मेणाचा शेकही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या किंवा ट्रेटिनॉइनचे मलम घेणाऱ्यांची त्वचा नाजूक होते. त्यांनी पार्लरमधील वॅक्सिंगही टाळावे. पार्लरमध्ये साखर-लिंबाचे किंवा राळेचे वॅक्स वापरतात, ते पळीने लावण्यापूर्वी मनगटावर तपासण्याचा आग्रह ग्राहकाने निःसंकोचपणे धरावा. एकदा वापरलेली पळी पुन्हा त्याच डब्यात बुडवली जात असेल तर उठून जावे.

मद्य घेतलेल्या अवस्थेत हे करू नये, दोघांपैकी कोणीही. मद्याने एकाची वेदना बोथट होते आणि दुसऱ्याचा हात सैल पडतो. दोघेही सज्ञान असणे, दोघांनी आधी मोकळेपणाने बोललेले असणे आणि ‘थांब’ म्हटल्याबरोबर थांबणे, याला पर्याय नाही. हातपाय बांधून कोणाला ज्योतीजवळ एकटे सोडणे म्हणजे शुद्ध बेपर्वाई. आणि संमती नसताना कोणी चटके देत असेल, मग तो पती का असेना, तर तो खेळ राहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५ चा कायदा शारीरिक व लैंगिक छळ दोन्ही हिंसाचारात धरतो. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे.

खरी मोठी भीती थेंबाची नसून आगीची आहे. गोंदियासारख्या तळ्यांच्या आणि धानाच्या जिल्ह्यात पलंगावर मच्छरदाणी जवळजवळ घरोघरी असते, आणि नायलॉनच्या मच्छरदाणीला ज्योत लागली की ती वितळून अंगावर गळते. कृत्रिम धाग्याची चादर, साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस यांचेही तसेच. मच्छरदाणी पूर्ण गुंडाळून ठेवावी, केस बांधावेत, छताचा पंखा बंद करावा व पाण्याची बादली हाताशी असावी. मेण वितळवायचेच असेल तर पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. थेट गॅसवर कधीही नाही. भांड्यातील मेणाने पेट घेतलाच तर मात्र त्या बादलीतील पाणी त्यावर ओतू नये. तापलेल्या तेलात पाणी पडल्यावर जे होते तेच येथे शतपटीने होते: पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण खोलीभर उडते. गॅस बंद करून भांड्यावर झाकण सरकवावे, एवढेच.

इतके करूनही भाजलेच, तर चिकटलेले मेण ओढून काढू नये. भाजलेला भाग मेणासकट लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरावा आणि वीस मिनिटे धरून ठेवावा. आपल्याला दोन मिनिटांतच ‘आता बरे वाटते’ असे होते. पण त्वचेच्या खालच्या थरात उष्णता अजून काम करीत असते. येथे विदर्भाची एक वेगळी अडचण आहे. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरील टाकीतून येणारे नळाचे पाणी स्वतःच पोळणारे असते. अशा वेळी नळ सोडून माठातील किंवा रांजणातील पाणी तांब्याने सतत ओतत राहावे. बर्फ लावू नये; त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. या घरगुती उपायांनी जंतुसंसर्ग होतो आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. थंड झालेले मेण आपोआप सुटले तर काढावे, न सुटल्यास तसेच ठेवून डॉक्टरांना काढू द्यावे. फोड फोडू नयेत. धुतलेल्या सुती कापडाने किंवा स्वयंपाकघरातील पारदर्शक प्लॅस्टिकच्या स्वच्छ तुकड्याने जखम सैलसर झाकावी. वेदनेसाठी नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते.

स्वतःच्या तळहाताहून मोठी जखम, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जननेंद्रियांवरील कोणतीही जखम, आणि पांढरी पडून दुखेनाशी झालेली जखम, या सर्वांना रुग्णालयच हवे. न दुखणे हे येथे चांगले चिन्ह नाही; त्याचा अर्थ नसांची टोकेही जळाली असा असू शकतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून सुरू आहे. गोंदिया शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले असून देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा दूरच्या तालुक्यांतील रुग्णांनी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथमोपचार घेऊनच पुढे निघावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी तेथेच करावी.

डॉक्टरांना खरे कारण सांगण्यात कसूर करू नये. ‘चहा सांडला’ म्हणून सांगितले तर उपचार चहाच्या हिशेबाने होतात. मेणाने भाजलेली जखम दिसते त्याहून खोल असू शकते. भाजल्याच्या प्रकरणांची, विशेषतः विवाहित स्त्रीच्या, रुग्णालयातून अनेकदा पोलिसांकडे नोंद जाते. अशा वेळी दोघांच्या सांगण्यात तफावत असली की साध्या अपघाताभोवतीही संशय उभा राहतो. खरोखरच छळ झाला असेल, तर तो सांगण्याचीही हीच जागा असते, आणि म्हणून डॉक्टरांनी रुग्णाशी एकट्याने बोलावे अशी विनंती कोणीही करू शकते.

जखम भरल्यावर सावळ्या व गव्हाळ त्वचेवर काळसर डाग राहणे नित्याचे आहे. नव्या त्वचेला उन्हापासून काही महिने जपले, कपड्याने झाकले व तिला ओलावा देणारे साधे मलम लावले, तर तो हळूहळू फिकट होतो. तीन आठवड्यांत न भरलेली जखम मात्र व्रण धरण्याची शक्यता अधिक असते. ती पुन्हा दाखवावी.