रस, रसशाळा आणि प्रफुल्लचंद्र

आम्हा पनवेलकरांना 'रस' हा शब्द उसाच्या गुऱ्हाळाबाहेरही भेटतो, बरं का! कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथे सुरू केलेलं 'धूतपापेश्वर' तर भस्मं आणि रसकल्पांसाठीच प्रसिद्ध. पनवेलहून थोडं पुढे गेलं की 'रसायनी' नावाचं गावच आहे. वैद्यांच्या भाषेत रस म्हणजे पारा. आणि या रसविद्येचा इतिहास नीट मांडला तो एका बंगाली माणसाने, आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी.

जन्म १८६१ चा. १८८७ मध्ये एडिंबरोची डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १८८९ पासून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. १८९६ मध्ये त्यांनी मर्क्युरस नायट्राइट तयार केलं. म्हणजे तिथेही पाराच! त्याच सुमारास बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, आणि त्या उत्तेजनातून जुन्या पोथ्यांचा शोध सुरू झाला. 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाचा पहिला खंड १९०२ मध्ये निघाला, दुसरा १९०९ मध्ये.

आता यात विशेष काय? 'आमच्याकडे सगळं होतंच' असं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. राय प्रयोगशाळेतले असल्यामुळे पोथीतली कृती खरोखर घडू शकते का, हे ते तपासू शकत होते. 'रसरत्नसमुच्चया'त वांग्याच्या आकाराच्या मुशीतून जस्त काढण्याची कृती आहे. पुढे १९८० च्या दशकात राजस्थानात झावरला उत्खनन झालं, तेव्हा अगदी तशाच मुशी भट्ट्यांसकट सापडल्या!

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो त्यांचा दुसरा प्रश्न. एवढं होतं, मग थांबलं का? राय यांनी दोष परकीयांवर ढकलला नाही. जातिव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला खालचा ठरवलं, विचार करणारा भट्टीपासून दूर गेला, आणि विज्ञान आटलं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. नुसतं लिहिलं नाही. १८९२ मध्ये सातशे रुपयांच्या भांडवलावर 'बेंगॉल केमिकल'ची सुरुवात करून प्राध्यापक असताना ते स्वतः कारखानदारीत उतरले. १९४४ मध्ये ते गेले.

आठवा आपला कल्हईवाला. भांडं तापवून तो नवसागर टाकायचा, धूर निघायचा, आणि कथील सर्रकन पसरायचं. नवसागराने धातूवरचा ऑक्साइडचा थर निघतो, म्हणून कथील धरतं. हे शाळेत कुणी सांगितलं होतं का हो? आमच्या लेखी रसायनशास्त्र पुस्तकात होतं, आणि तो बिचारा दारात, पायरीच्या खाली.

मुलांना रसायनशास्त्राला जरूर घाला. पण त्या पायरीचा इतिहासही सांगा. राय यांनी तोच तर लिहून ठेवलाय.